छत्तीस अंशांच्या पाण्यातलं बिऱ्हाड

३० जुलै २०२०. कुवेतच्या उपसागरात पाण्याचं तापमान नोंदलं गेलं ३७.६ अंश सेल्सिअस. निरोगी माणसाच्या अंगाहून समुद्र गरम! अशा पाण्यात कोण राहत असेल, असं वाटत असेल तर पर्शियन आखाताची ओळख नव्याने करून घ्यायला हवी. इथे प्रवाळ आहेत, समुद्रगायी आहेत, व्हेल शार्क आहेत आणि आपल्या ताटातली सुरमई नि पापलेटही आहेत. तेल आणि युद्ध यांच्या बातम्यांतून या पाण्याचं नाव सारखं कानांवर पडतं. पाण्याखालच्या रहिवाशांची खबर मात्र क्वचितच येते. त्यातल्याच काही गोष्टी इथे निवडल्या आहेत.

महाराष्ट्राहून लहान समुद्र

या आखाताचं क्षेत्रफळ सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र तीन लाख सात हजारांचा, म्हणजे हा अख्खा समुद्र महाराष्ट्रात मावून वर जागा उरेल. सरासरी खोली फक्त ३५ मीटर आणि सर्वात खोल जागी जेमतेम नव्वद-शंभर. शेजारच्या अरबी समुद्राची सरासरी खोली अडीच किलोमीटरच्या वर आहे. परातीतलं पाणी उन्हात जसं झटकन तापतं आणि रात्री झटकन निवतं, तसंच या आखाताचं होतं. उन्हाळ्यात ३५-३६ अंश, तर हिवाळ्यात उत्तरेकडच्या उथळ किनाऱ्यांवर १५ च्याही खाली. वर्षभरात वीस अंशांची उलथापालथ सोसणारे समुद्री जीव जगात फार थोडे आहेत.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे या समुद्राचं वय. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगभरच्या समुद्रांची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती. तेव्हा इथे समुद्रच नव्हता. कोरडी दरी होती आणि तिच्यातून नदी वाहत होर्मुझपर्यंत जात होती. पुढे पाणी चढत गेलं आणि आजच्यासारखा किनारा तयार झाला तो गेल्या सहा-सात हजार वर्षांत. भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने हा समुद्र कालचा पोरगा. इथला प्रत्येक मासा, प्रत्येक प्रवाळ बाहेरून आलेला आणि इतक्या थोड्या काळात इथल्या उकाड्याशी जमवून घेतलेला. म्हणून तर जगभरचे सागरशास्त्रज्ञ इथे डोळे लावून बसलेत. बाकीचे समुद्र या शतकात जिकडे निघालेत, तिथे हे आखात आधीच पोहोचलं आहे.

एकच दार

बाहेर पडायला वाट एकच, होर्मुझची सामुद्रधुनी. पाऊस नगण्य, नद्यांचं पाणी थोडं आणि बाष्पीभवन मात्र प्रचंड. वाफ झालेल्या पाण्याची भरपाई करायला अरबी समुद्राचं ताजं पाणी वरच्या थरातून, इराणच्या किनाऱ्याने आत शिरतं. आत ते तापतं, खारट होतं, जड होतं आणि तळाशी बसून त्याच दारातून बाहेर सरकतं. एकाच दरवाजातून वरून आत आणि खालून बाहेर! सगळं पाणी बदलायला काही वर्षं जातात. त्यामुळे आत जे सांडलं ते लवकर बाहेर जात नाही. आणि जगाच्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा याच दारातून बाहेर पडतो.

खारटपणाचं म्हणाल तर महासागरात दर किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, इथे चाळीसच्या पुढे. कतार आणि सौदी अरेबिया यांच्यामधल्या सल्वाच्या उपसागरात ते महासागराच्या दीडपटीहूनही जास्त होतं.

वारा पडला आणि प्रवाळ गेले

प्रवाळाची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण या आखाताचा सगळा जीव तिच्यात आहे.

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म शैवाल राहतं, सूर्यप्रकाशावर साखर बनवतं आणि घरमालकाला खाऊ घालतं. पाणी फार तापलं की ही भागीदारी मोडते, शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. तसाच उपाशी राहिला तर मरतो. बऱ्याच समुद्रांत ३१-३२ अंशांनाच ही वेळ येते. आखातातले प्रवाळ मात्र ३५ अंशांतही टिकून असतात. हे कसं? २०१५ साली साउदॅम्प्टन विद्यापीठ आणि न्यूयॉर्क विद्यापीठाचं अबुधाबी केंद्र यांच्या संशोधकांनी इथल्या प्रवाळांतलं शैवाल वेगळ्याच जातीचं असल्याचं दाखवलं. उष्णता सोसणारं म्हणून त्याचं नाव ठेवलं ‘थर्मोफिलम’.

मग हेच शैवाल नेऊन ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफला का देऊ नये? विचार कोणाच्याही मनात येईल. पण निसर्गाने इथे एक मेख मारून ठेवली आहे. आखातातल्या प्रवाळांना साध्या खारटपणाच्या पाण्यात ठेवून पाहिलं, तर त्यांची उष्णता सोसण्याची ताकदच गळून गेली. इतक्या वर्षांत ते उष्णता आणि मीठ या दोन्हींशी एकदमच जुळले. एक काढलं की दुसरंही हातचं जातं.

आणि ही ताकद अमर्याद नाही. उन्हाळ्यात वायव्येकडून ‘शमाल’ नावाचा वारा सुटतो. तो पाण्याची वाफ उडवतो आणि पाणी एखाद-दोन अंशांनी निवतं. सोसण्याच्या अगदी कडेवर जगणाऱ्यांना तेवढाच दिलासा पुरतो. २०१७ च्या उन्हाळ्यात शमाल पडला. पाणी निवेना. दक्षिण आखातातले नव्वद टक्क्यांहून जास्त प्रवाळ पांढरे पडले आणि सप्टेंबरपर्यंत दोन तृतीयांश मेलेले होते. त्याआधी १९९६, १९९८, २००२, २०१०, २०११ आणि २०१२ मध्येही तडाखे बसलेच होते. जगातले सर्वात चिवट प्रवाळ, आणि एका उन्हाळ्यात वारा पडल्याने त्यांची ही गत. ‘इथले जीव चिवट आहेत, सोसतील’ असं म्हणत त्यांच्यावर आणखी ओझं टाकणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

कासवांची उन्हाळी सुट्टी

हॉक्सबिल कासवांच्या माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली तेव्हा एक गंमत कळली. जून ते ऑगस्ट या काळात त्या आपल्या नेहमीच्या चरण्याच्या जागा सोडून आखाताच्या मध्याकडे, खोल आणि दोनेक अंशांनी थंड पाण्यात जातात. तिथे खायला फारसं नसतं. तरी दोन-तीन महिने काढतात आणि पाणी निवलं की परत येतात. जगात इतरत्र ही कासवं खाण्यासाठी किंवा अंडी घालण्यासाठी प्रवास करतात. निव्वळ उकाड्यापासून सुटका म्हणून निघालेली ही इथली.

तेलाच्या विहिरीपाशी माशांची पंगत

कतारच्या किनाऱ्यापासून लांब समुद्रात अल शाहीन नावाचं तेलक्षेत्र आहे. मोठमोठे फलाट, ज्वाळा, जहाजांची ये-जा. आणि तिथेच उन्हाळ्यात जगातल्या सर्वात मोठ्या माशाचा, व्हेल शार्कचा, मेळा भरतो. एका वेळी शंभरावर! मुशीच्या कुळातला हा मासा दहा मीटरच्या घरात वाढतो, पण आहार अगदी बारीक. कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्या ट्यूनाच्या कुळातले मासे इथे अंडी घालतात. ती तरंगती अंडी गाळून खायला हे महाकाय पाहुणे जमतात. फलाटांवर काम करणाऱ्यांना ते वर्षानुवर्षं दिसत होते. शास्त्रज्ञांना सुगावा लागला तो त्यांच्याच छायाचित्रांवरून. सुरक्षेसाठी फलाटांभोवती मासेमारीला मनाई असते, त्याचा फायदा कुप्यांना झाला आणि कुप्यांमुळे व्हेल शार्कना. पाण्याला थोडी मोकळीक दिली की काय होतं, ते तेल कंपन्यांच्या कुंपणातच दिसावं!

एक गाय, रोज चाळीस किलो गवत

समुद्रगाय, म्हणजे डुगाँग. तीन मीटर लांब, गुबगुबीत, लाजाळू आणि पूर्ण शाकाहारी. मोठं जनावर दिवसाला चाळीस किलोपर्यंत समुद्री गवत खातं. ऑस्ट्रेलियाखालोखाल जगातली सर्वात मोठी डुगाँगवस्ती या आखातात आहे, काही हजारांची. १९८६ मध्ये बहरीन आणि कतारच्या मधल्या पाण्यात एकाच कळपात सहाशेहून जास्त डुगाँग विमानातून मोजले गेले. इतका मोठा कळप तोवर जगात कुठेच नोंदलेला नव्हता. आपल्याकडे कच्छचं आखात, मन्नारचं आखात, पाल्कचा उपसागर आणि अंदमान-निकोबार मिळून जे काही थोडे उरलेत, ते पाहिलं की सहाशेचा कळप म्हणजे काय याची कल्पना येते.

त्यांचं कुरण मोठं साधं आहे. अख्ख्या आखातात समुद्री गवताच्या जाती तीनच. बाकीच्यांना इथलं पाणी झेपलं नाही. तीन जातींच्या गवतावर हजारो जनावरं, कासवं, कोळंबीची पिल्लं आणि मोत्यांचे शिंपले पोसले जातात. भराव घालायचा, गाळ उपसायचा, बंदर वाढवायचं म्हटलं की पहिला घाव बसतो तो याच उथळ कुरणांवर.

माणसाशी डुगाँगचं नातं जुनं आहे. संयुक्त अरब अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या खाडीत अकाब नावाचं बेट आहे. तिथे साडेपाच हजार वर्षांपूर्वी माणसांनी डुगाँगच्या हाडांचा एक ढिगारा मोठ्या निगुतीने रचला. कवट्या रांगेत, फासळ्या नीट लावलेल्या. पुरातत्त्वज्ञ त्याला पूजास्थान मानतात. ज्या जनावराची शिकार करत, त्याचाच मान राखणारे लोक होते ते.

अलीकडचा हिशेब वेगळा. १९८३ मध्ये इराण-इराक युद्धात नौरोझ तेलक्षेत्राच्या विहिरी फुटल्या, महिनोन्‌महिने तेल वाहत राहिलं आणि त्या काळात किनाऱ्याला लागलेले मेलेले डुगाँग मोजले तर अडतीस निघाले. मादी तीन ते सात वर्षांतून एकदा विते, एकाच पिल्लाला जन्म देते आणि तेरा-चौदा महिने पोटात वागवते. एक मादी गेली तर ती जागा भरायला किती वर्षं लागतील? आज तेलापेक्षाही जाळ्यांचा धोका मोठा आहे. श्वासासाठी दर काही मिनिटांनी वर यावं लागणारं हे जनावर टाकून दिलेल्या जाळ्यात अडकलं की बुडून मरतं.

खेकड्यांच्या बिळातलं तेल

जानेवारी १९९१. कुवेत व्यापून बसलेल्या इराकी सैन्याने तिथल्या तेलाच्या वाहिन्या समुद्रात मोकळ्या सोडल्या. इतिहासातल्या सर्वात मोठ्या तेलगळतींपैकी ही एक. सौदी अरेबियाचा सुमारे ७०० किलोमीटर किनारा काळा झाला आणि तीस हजारांच्या आसपास समुद्रपक्षी मेले. हे त्या वेळी टीव्हीवर जगाने पाहिलं. पुढचं फारसं कोणी पाहिलं नाही. खाजणाच्या चिखलात खेकड्यांची खोल बिळं असतात. भरतीबरोबर तेल त्या बिळांतून खाली उतरलं, हातभर खोल. वरचं तेल ऊन-वाऱ्याने गेलं, आतलं जिथल्या तिथे राहिलं, कारण तिथे हवाच पोहोचत नाही. खेकडे मेले म्हणून बिळं उकरणारं कोणी उरलं नाही, आणि उकरणारं कोणी नाही म्हणून तेल तसंच राहिलं. दहा-बारा वर्षांनीही तिथला चिखल खणला की ते सापडत होतं.

बसऱ्याचे मोती आले कुठून?

नथीतला बसरा मोती मराठी घरांत जपून ठेवलेला असतो. नाव बसऱ्याचं, पण जन्म बहरीन, कुवेत, कतार इथल्या शिंपल्यांत. अबुधाबीच्या मरावाह बेटावर सापडलेला मोती आठ हजार वर्षांपूर्वीचा आहे, जगात माहीत असलेल्या सर्वात जुन्यांपैकी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखातात सुमारे साडेचार हजार होड्या आणि ७४ हजार माणसं या धंद्यात होती. नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात टोपली आणि एका श्वासात बुडी. मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई. ते इथे येत, निवडले जात, विंधले जात आणि मग पॅरिस-लंडनला रवाना होत. १९२०-३० च्या दशकांत जपानने शेतीचे मोती आणले, पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि हा धंदा कोसळला. १९३२ मध्ये बहरीनला तेल लागलं. मुहर्रक शहरातली मोतीव्यापाऱ्यांची घरं आणि त्या पाण्यातले शिंपल्यांचे तळ २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. शिंपल्यांचे तळ वारशात जावेत, ही गोष्ट मला फार योग्य वाटते. घरं त्यांच्याच जिवावर उभी राहिली होती.

समुद्र पिणारी शहरं

कतार आणि कुवेतमध्ये नळाला येणारं पाणी जवळजवळ सगळं समुद्राचं, मीठ काढलेलं. आखाती देशांत राहणारे मराठी लोकही रोज तेच वापरतात. गोडं पाणी काढून घेतल्यावर उरतं ते दुप्पट खारट पाणी. त्यात क्लोरीन आणि तांब्याचे अंश, वर ऊनही. ते जातं पुन्हा समुद्रात. २०१९ च्या संयुक्त राष्ट्रांशी संबंधित एका अभ्यासानुसार जगात रोज असं १४ कोटी घनमीटर पाणी बाहेर टाकलं जातं आणि त्यातलं ५५ टक्के चारच देशांचं आहे: सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार. सगळंच आखातात पडत नाही, सौदीचा काही वाटा तांबड्या समुद्राकडे जातो, तरी ओझं मोठं आहे.

समुद्राने एकदा हिशेब उलटाही मांडला. २००८-०९ मध्ये एका सूक्ष्म शैवालाची लाल भरती आली, आठ महिन्यांहून अधिक काळ टिकली आणि १,२०० किलोमीटरहून जास्त किनाऱ्यावर पसरली. हजारो टन मासे मेले. आणि गाळण्या तुंबून पाणी गोडं करणारे कारखाने बंद ठेवावे लागले. कोट्यवधी लोकांच्या घोटाला पुरून उरणारं पाणी समोर, आणि ते पिता येईना.

वाळवंटात वाळू मिळेना

दुबईचं पाम जुमेरा बेट बांधायला २००१ मध्ये सुरुवात झाली. लागली ९ कोटी ४० लाख घनमीटर वाळू, आणि तीही समुद्राच्या तळातून उपसलेली. वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून इतकी गोल, गुळगुळीत झालेली असते की भरावात दाबून बसत नाही. बेटाभोवतीच्या लाटारोधक बांधाने आतलं पाणी कोंडू लागलं, तेव्हा त्यात खिंडारं ठेवावी लागली. त्या बांधाच्या खडकांवर पुढे प्रवाळ आणि मासे वसले, हेही खरं. पण उपसलेल्या गाळाखाली जे गाडलं गेलं त्याची ती भरपाई नव्हे.

पापलेट, पाला आणि हमूर

कुवेतच्या बाजारात ‘झुबैदी’ मागा, समोर येईल पापलेट. दुबईला ‘कनद’ म्हणजे सुरमई. बसऱ्याची ‘सबूर’ म्हणजे आपला पाला, बंगाल्यांचा हिल्सा. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला शत्त अल अरब नदीत वर चढतो. या नदीत तैग्रिस, युफ्रेटिस आणि कारून यांचं पाणी येतं. वर तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण या सगळ्यांची धरणं आहेत. १९९० च्या दशकात सद्दाम हुसेनच्या राजवटीने दक्षिण इराकच्या दलदली आटवल्या, नव्वद टक्क्यांच्या आसपास. नदीचं गोडं पाणी आणि त्याबरोबर येणारं पोषण कमी झालं, तसा कुवेतचा झुबैदीही घटला. २००३ नंतर स्थानिकांनी स्वतः बांध फोडून काही दलदलींत पाणी आणलं. तुर्कस्तानातल्या धरणाचा परिणाम कुवेतच्या कढईत दिसतो, इतका हा समुद्र एकाला एक जोडलेला आहे.

हमूर हा अमिरातीतला सर्वात लाडका मासा, आपल्या हेकरूच्या जातीचा. तो जन्मतो मादी म्हणून आणि मोठा झाल्यावर त्यातल्या काहींचा नर होतो. मोठे मासे तेवढे उचलले की नर संपतात, आणि लहान उचलले की पुढच्या माद्या. दोन्हीकडून हमूर सापडला. त्याला धरायचा सापळा म्हणजे ‘गरगूर’, तारेचा घुमटासारखा पिंजरा. दोर तुटून तळाशी राहिलेला गरगूर वर्षानुवर्षं मासे पकडत राहतो, कोणी न खाता. अबुधाबीने २०१९ मध्ये गरगूर वापरायलाच बंदी घातली. मला या सगळ्यात सर्वात आशेची वाटली ती ही गोष्ट. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय सरकारने मोडली.

मालवणच्या डॉल्फिनचे भाऊबंद

मालवण-देवबागला होडीतून जो कुबडाचा डॉल्फिन दिसतो, त्याच जातीचे सुमारे सातशे अबुधाबीच्या पाण्यात मोजले गेलेत, जगातल्या सर्वात मोठ्या वस्त्यांपैकी ही एक. आपल्या खाडीतलं तिवरही तिथे आहे. आखातातली बहुतेक कांदळवनं या एकट्या झाडाची आहेत. अमिरातीने २०३० पर्यंत दहा कोटी रोपं लावायचं ठरवलं आहे.

आठ देश, एक टेबल

इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया, बहरीन, कतार, अमिराती, ओमान. या आठांनी १९७८ मध्ये कुवेतमध्ये समुद्र जपण्याचा करार केला. दोनच वर्षांत त्यांतले दोघे आठ वर्षांच्या युद्धात उतरले. पुढे त्या दोघांपैकी इराकने तिसऱ्यावर, कुवेतवर, आक्रमण केलं. तरी करार मोडला नाही. युद्ध चालू असतानाच, १९८२ मध्ये, बहरीनला तेलगळतीवर नजर ठेवणारं सामायिक केंद्र सुरू झालं. १ ऑगस्ट २००८ पासून आंतरराष्ट्रीय नियमांखाली हे आखात ‘विशेष क्षेत्र’ आहे. कोणत्याही टँकरला इथे तेलकट पाणी सोडता येत नाही, ते बंदरावर उतरवावं लागतं. रात्रीच्या अंधारात सोडणारे अजूनही आहेत, आणि त्यांचे काळे पट्टे सकाळी उपग्रहाच्या चित्रांत शोधणारी माणसंही बहरीनच्या त्या केंद्रात आहेत.